'टर्म्स' मराठीत आणताना: अर्थ ठरवण्याची पायरीपायरीची पद्धत

इंग्रजी मजकुरात 'टर्म्स' दिसले की हात थेट 'अटी' लिहू लागतो. करारात ते खपून जाते. पण मग 'अध्यक्षांच्या दोन अटी', 'विक्रीच्या अटींमध्ये वाढ', 'दुःखाशी अटींवर येणे' अशी वाक्येही लिहिली जातात, आणि वाचणाऱ्याला मूळ इंग्रजी डोळ्यांसमोर आणल्याशिवाय त्यांचा अर्थच लागत नाही.

शब्दकोश उघडला नाही म्हणून ही चूक होत नाही. कोशात सगळे अर्थ दिलेले असतात. चूक क्रमात आहे: मराठी शब्द आधी निवडला जातो आणि वाक्य त्याच्याभोवती वाकवले जाते. खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे. आधी व्याकरण, मग शेजारचे शब्द, मग विषय, आणि मराठी शब्द सगळ्यांत शेवटी.

## तयारी: पहिला शब्द लिहिण्याआधी

१. सगळ्या जागा शोधा. संगणकावर शोधताना 'पूर्ण शब्द जुळवा' हा पर्याय चालू ठेवा. नाहीतर 'टर्म' शोधताना 'टर्मिनल', 'डिटर्मिन' असे इंग्रजी शब्दही समोर येतात आणि मोजणी बिघडते. एकवचन आणि अनेकवचन दोन्ही शोधा. एकाच कागदात या दोघांचे अर्थ वेगळे असणे अगदी नेहमीचे आहे.

२. व्याख्यांचे कलम आधी वाचा. करार, धोरण किंवा नियमावली असेल तर अनेकदा सुरुवातीलाच मोठ्या आद्याक्षराचा 'टर्म' किंवा 'टर्म्स' व्याख्या करून ठेवलेला असतो. ती व्याख्या असेल तर त्या कागदापुरता तुमचा अंदाज बाजूला ठेवायचा.

३. तीन रकान्यांची यादी करा. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्दसमूह, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात पान. पहिल्या रकान्यात नुसता 'टर्म्स' कधीही लिहू नका. 'टर्म्स ऑफ पेमेंट', 'इन रिअल टर्म्स', 'ऑन गुड टर्म्स' असा पूर्ण समूह लिहा. नुसत्या शब्दापुढे एकच मराठी शब्द लिहून ठेवला की पुढच्या प्रत्येक पानावर तोच घातला जातो, आणि मग चूक एका जागी न राहता सगळीकडे पसरते.

## पायरी १: नाम आहे की क्रियापद?

हे पाहायला काही सेकंद लागतात, तरी सर्वांत जास्त वेळा हेच राहून जाते. इंग्रजीत 'टर्म' हे क्रियापदही आहे: म्हणणे, संबोधणे. 'द कोर्ट टर्म्स इट अ ब्रीच' म्हणजे 'न्यायालय याला भंग म्हणते'. इथे अटी कुठेच नाहीत.

ओळखण्याची खूण: 'टर्म्स'च्या आधी एकवचनी कर्ता आणि लगेच नंतर कर्म. बातम्यांच्या मथळ्यांत हा वापर फार असतो, कारण शब्द आखूड आहे. 'मिनिस्टर टर्म्स टॉक्स यूसफुल' या मथळ्यातले 'टॉक्स' हे कर्म आहे. मराठीत तो 'चर्चा उपयुक्त: मंत्री' असा होतो.

तपासा: 'टर्म्स'च्या जागी 'कॉल्स' घालून इंग्रजी वाक्य उभे राहते का? राहत असेल तर ते क्रियापद आहे. पुढच्या पायऱ्या लागणारच नाहीत.

## पायरी २: एकवचन करून पाहा

नाम आहे हे ठरले की शेवटचा 'स' मनातल्या मनात काढा आणि पाहा, वाक्य टिकते का.

टिकत असेल तर मोजता येणारी गोष्ट आहे: एक अट, एक संज्ञा, एक सत्र, एक कार्यकाळ, एक पद. 'टर्म्स'च्या आधी दोन, तीन, पहिले, सलग असा संख्यावाचक शब्द असेल तर हा गट जवळपास पक्काच.

टिकत नसेल तर हा शब्द त्या अर्थाने फक्त अनेकवचनातच चालतो. 'दे आर ऑन गुड टर्म्स' मधला 'स' काढताच वाक्य मोडते. इथे मोजण्यासारखे काही नाही, संबंध कसे आहेत एवढेच सांगितलेले आहे. अशा ठिकाणी मराठीतही अनेकवचनी नाम शोधत बसू नका. बहुतेकदा क्रियापद किंवा क्रियाविशेषण लागते.

सावधान: करारात एक 'स' सगळा अर्थ फिरवतो. 'द टर्म्स ऑफ द अग्रीमेंट' म्हणजे कराराच्या अटी. 'द टर्म ऑफ द अग्रीमेंट' म्हणजे जवळपास नेहमीच कराराची मुदत. दोन्ही एकाच पानावर असू शकतात. 'कराराची अट तीन वर्षे राहील' असे वाक्य तुमच्या मसुद्यात आले असेल, तर तिथे मूळ शब्द एकवचनी होता आणि लिहायला हवे होते 'कराराची मुदत तीन वर्षे राहील'.

## पायरी ३: मागचा आणि पुढचा शब्द पाहा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. 'टर्म्स'ला चिकटलेला छोटा शब्द अर्थ जितका पक्का ठरवतो तितका दुसरे काहीच ठरवत नाही.

### ३.१ 'इन टर्म्स ऑफ'

याला 'च्या बाबतीत' हे एकच उत्तर ठरवून टाकण्याची सवय मोडायला हवी. याचे किमान पाच वेगळे उपयोग आहेत.

पैलू सांगणे. 'इन टर्म्स ऑफ क्वालिटी, धिस इज बेटर.' इथे आधी शब्दसमूह पूर्ण गाळून पाहा: 'याचा दर्जा सरस आहे.' काहीच हरवत नाही. मराठीत विभक्तीचा प्रत्यय हे काम करतो: आकाराने मोठा, वजनाला हलका, वेगात मागे. 'आकाराच्या बाबतीत मोठा' यात एक शब्द जास्त झाला, अर्थ तेवढाच राहिला. प्रत्ययाने काम भागत नसेल तरच 'बाबतीत' किंवा 'दृष्टीने' घ्या.

एकक सांगणे. अंतर 'इन टर्म्स ऑफ' प्रकाशवर्षे सांगितले असेल तर मराठीत 'अंतर प्रकाशवर्षांत मोजतात'. निव्वळ 'त' पुरतो.

गणितात एक राशी दुसरीच्या रूपात मांडणे. २क्ष + य = १० या समीकरणात 'य' ही राशी 'क्ष' च्या रूपात मांडायला सांगितली असेल, तर उत्तर य = १० − २क्ष. मराठीत 'च्या रूपात' हाच रुळलेला शब्दप्रयोग आहे. इथे क्रम उलटा होण्याची चूक वारंवार दिसते. 'इन टर्म्स ऑफ'च्या पुढे येणारी राशी उजव्या बाजूला राहते आणि आधी येणारी एकटी डावीकडे. अनुवादात 'य च्या रूपात क्ष' असे झाले तर प्रश्नच बदलतो, आणि बरोबर गणित करणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर चुकते.

कायद्यात आधार सांगणे. 'इन टर्म्स ऑफ क्लॉज ७' म्हणजे 'कलम ७ नुसार' किंवा 'कलम ७ अन्वये'. 'कलम ७ च्या दृष्टीने' असे लिहिले तर कलमाचे बंधन जाऊन त्याचे नुसते मत उरते. कायदेशीर कागदात ही गंभीर चूक आहे.

विचाराचा रोख सांगणे. 'वी आर थिंकिंग इन टर्म्स ऑफ मूव्हिंग' याचे मराठी 'जागा बदलण्याचा विचार चालू आहे' इतके साधे आहे.

तपासा: तुमच्या मसुद्यात 'च्या बाबतीत' आणि 'च्या संदर्भात' किती वेळा आले ते मोजा. एका पानात तीन-चार वेळा दिसत असेल तर यातले निम्मे तरी प्रत्ययाने सुटतील.

### ३.२ 'इन' + विशेषण + 'टर्म्स'

या रचनेत 'टर्म्स' हा निव्वळ सांगाडा आहे, अर्थ विशेषणात आहे. मराठीत बहुधा एकाच क्रियाविशेषणाने काम होते. 'जनरल'बरोबर ढोबळमानाने, 'प्रॅक्टिकल'बरोबर व्यवहारात, 'सिंपल'बरोबर सोप्या शब्दांत, 'पर्सेंटेज'बरोबर टक्केवारीत. 'इन नो अनसर्टन टर्म्स' यात दोन नकार आहेत. ते मराठीत जसेच्या तसे आणून 'अनिश्चित नसलेल्या शब्दांत' करू नका. 'ठणकावून सांगितले' यात सगळे येते.

आकडेवारीत मात्र विशेषणाचा तांत्रिक अर्थ पाहावा लागतो. 'इन रिअल टर्म्स' म्हणजे 'खरोखर' नाही, 'महागाई वजा जाता' किंवा 'स्थिर किमतींनुसार'. याच्या उलट 'इन नॉमिनल टर्म्स' म्हणजे 'चालू किमतींनुसार'. वेतन ८ टक्क्यांनी वाढले आणि महागाई ६ टक्के असली, तर महागाई वजा जाता वाढ १.०८ ÷ १.०६ या हिशेबाने सुमारे १.९ टक्के. ढोबळ वजाबाकीने २ येते, दर लहान असताना ते चालते. 'वेतन खरोखर १.९ टक्के वाढले' असे लिहिले तर वाचक म्हणेल, मग ८ टक्के खोटे होते का?

'इन ॲब्सोल्यूट टर्म्स' म्हणजे 'निव्वळ आकड्यांत', 'इन रिलेटिव्ह टर्म्स' म्हणजे 'प्रमाणात पाहता'. संख्या वाढली पण एकूणातला वाटा घटला, असे सांगायचे असते तेव्हा ही जोडी येते. दोन्हींसाठी 'तुलनेने' लिहिले की सगळा मुद्दाच नाहीसा होतो.

एक वेगळा समूह लक्षात ठेवा: 'कॉन्ट्रडिक्शन इन टर्म्स'. याला मराठीत नेमका शब्द तयार आहे, वदतोव्याघात. 'अटींमधील विरोधाभास' असे लिहू नका. विरोधाभासात विरोध वरवरचा असतो, वदतोव्याघातात विधान स्वतःलाच खोडते.

### ३.३ 'ऑन' + 'टर्म्स'

'ऑन'नंतर दोनच शक्यता: संबंध किंवा सौदा. दोन व्यक्तींविषयी वाक्य असेल तर संबंध. 'ऑन गुड टर्म्स' म्हणजे चांगले संबंध आहेत, त्यांचे बरे जमते. 'नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स' म्हणजे अबोला आहे. 'ऑन फर्स्ट-नेम टर्म्स' म्हणजे अरे-तुरेची ओळख. इथे 'एकेरीवर आले' लिहू नका, मराठीत त्याचा अर्थ भांडणात तोल सुटला असा होतो. 'ऑन इक्वल टर्म्स' म्हणजे बरोबरीच्या नात्याने.

पैसे, माल किंवा कर्ज आले की सौदा. 'ऑन ईझी टर्म्स' म्हणजे सुलभ हप्त्यांनी. 'ऑन हिज ओन टर्म्स' दोन्हीकडे चालते. वाटाघाटीत 'स्वतःच्या अटींवर', जगण्याविषयी असेल तर 'स्वतःच्या मनाप्रमाणे'.

### ३.४ 'कम टू टर्म्स'

पुढे 'विथ' आहे का आणि 'विथ'नंतर कोण आहे, हे पाहा. 'विथ' नसेल तर तडजोड झाली, समझोता झाला. 'विथ'नंतर समोरचा पक्ष असेल तरीही तेच. पण 'विथ'नंतर मृत्यू, आजार, अपयश, भूतकाळ असे काही असेल तर तडजोडीचा प्रश्नच नाही. तिथे स्वीकारणे, पचवणे, मनाची समजूत घालणे यांतले प्रसंगाला साजेसे क्रियापद घ्या. हा स्वीकार हळूहळू होतो, म्हणून 'स्वीकारले'पेक्षा 'सावरत गेली', 'पचवायला वेळ लागला' अशी रचना मूळाच्या जास्त जवळ जाते.

## पायरी ४: विषय पक्का करा

मागच्या तीन पायऱ्यांनंतरही प्रश्न उरला असेल तर मजकूर कुठल्या क्षेत्रातला आहे ते पाहा.

करार. इंग्लिश करारकायद्यात 'टर्म' हा वरचा वर्ग आहे. 'कंडिशन' आणि 'वॉरंटी' हे त्याचे प्रकार. 'कंडिशन'चा भंग झाला तर दुसऱ्या पक्षाला करार संपवता येतो. 'वॉरंटी'चा भंग झाला तर फक्त नुकसानभरपाई मागता येते. कोणता परिणाम लागू करायचा हे भंगाच्या गांभीर्यावरून ठरवावे लागते, असा तिसरा प्रकार १९६२ सालच्या हाँगकाँग फर शिपिंग विरुद्ध कावासाकी या निकालाने पुढे आला. म्हणून अशा मजकुरात सुरुवातीलाच ठरवा: टर्म म्हणजे अट, कंडिशन म्हणजे शर्त, वॉरंटी म्हणजे हमी, आणि शेवटपर्यंत बदलू नका. मथळ्यातली 'अटी व शर्ती' ही जोडी एकत्रच येते, तिथे वेगळा विचार नको.

पैसे देणे-घेणे. 'टर्म्स: नेट ३०' यात अटीपेक्षा मुदत महत्त्वाची आहे: बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पूर्ण रक्कम. '२/१० नेट ३०' असेल तर १० दिवसांत दिल्यास २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम. शीर्षक 'पैसे देण्याची मुदत' ठेवा. तिरक्या रेघेमुळे हा अपूर्णांक किंवा तारीख समजला जातो, म्हणून मराठीत पूर्ण वाक्यच लिहा.

परदेशी व्यापार. 'टर्म्स ऑफ ट्रेड' हे करारातले कलम नाही, ते एक गुणोत्तर आहे. निर्यात किमतींच्या निर्देशांकाला आयात किमतींच्या निर्देशांकाने भागून १०० ने गुणायचे. निर्यात ११० आणि आयात १२५ असेल तर उत्तर ८८, म्हणजे आधारवर्षाइतकीच (ज्या वर्षाचे निर्देशांक १०० धरले, त्या वर्षाइतकीच) निर्यात करून आता कमी आयात पदरात पडते. अर्थशास्त्रात याला 'व्यापारशर्ती' म्हणतात. शब्द तोच वापरा, पण पहिल्या वेळी 'निर्यात-आयात किमतींचे गुणोत्तर' असा खुलासा जोडा. 'इनकोटर्म्स' हे मालाचा खर्च आणि जोखीम विक्रेता व खरेदीदार यांत कशी वाटायची ते सांगणारे आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे नियम १९३६ पासून प्रसिद्ध होतात आणि २०२० च्या आवृत्तीत असे ११ नियम आहेत. ते विशेषनाम आहे, त्याचा अनुवाद करू नका.

समित्या. 'टर्म्स ऑफ रेफरन्स' म्हणजे समितीची कार्यकक्षा किंवा विचारार्थ विषय. 'संदर्भाच्या अटी' हा अनुवाद इतका पसरला आहे की तो बरोबर वाटू लागतो. तो बरोबर नाही, कारण त्यात कसलाही संदर्भ नाही आणि कसली अटही नाही. समितीकडे काय सोपवले आहे एवढेच त्यात असते.

नोकरी आणि संकेतस्थळे. 'टर्म्स ऑफ सर्व्हिस' संकेतस्थळावर असेल तर सेवेच्या अटी, कर्मचाऱ्याच्या कागदात असेल तर सेवाशर्ती. 'थ्री टर्म्स ऑफ सर्व्हिस' असा आकडा आला तर मात्र ते सेवेचे तीन कालखंड आहेत. पायरी २ इथे पुन्हा उपयोगी पडते.

काळ. शिक्षणात सत्र, पदावर कार्यकाळ, तुरुंगात शिक्षा. अमेरिकेत १९५१ साली मंजूर झालेल्या २२ व्या घटनादुरुस्तीने कोणालाही राष्ट्राध्यक्षपदी दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही. अशा वाक्यात 'दोन कार्यकाळ' किंवा सरळ 'दोनदा' चालते. शिक्षेच्या बाबतीत पुढचे विशेषण सोडू नका: पाच-पाच वर्षांच्या दोन शिक्षा 'कन्करंट' असतील तर एकाच वेळी भोगायच्या, एकूण पाच वर्षे. 'कन्सेक्युटिव्ह' असतील तर एकापाठोपाठ, एकूण दहा.

सावधान: अमेरिकेच्या बातमीतल्या 'मिडटर्म्स'ना 'मध्यावधी निवडणुका' म्हणताना थांबा. मराठीत मध्यावधी म्हणजे सभागृह मुदतीआधी बरखास्त झाल्याने घ्याव्या लागणाऱ्या निवडणुका. अमेरिकेतल्या या निवडणुका ठरलेल्या वेळीच होतात, राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर. 'कार्यकाळाच्या मध्यावरील निवडणुका' लांब आहे, पण चुकीचे नाही. विद्यार्थ्याच्या तोंडी 'मिडटर्म्स' आले तर त्या सत्राच्या मधल्या परीक्षा.

गणित आणि तर्कशास्त्र. दोन्हीकडे 'पद'. ३क्ष + ५य − २ या राशीत तीन पदे आहेत आणि तिसरे पद −२ आहे, २ नाही. चिन्ह पदाबरोबर जाते. अपूर्णांकाच्या 'लोएस्ट टर्म्स'ला मात्र पद म्हणत नाहीत: १८/२४ चे अतिसंक्षिप्त रूप ३/४. तर्कशास्त्रात संविधानाला, म्हणजे दोन विधानांवरून निष्कर्ष काढणाऱ्या युक्तिवादाला, तीनच पदे लागतात. एकच शब्द दोन अर्थांनी वापरला की नकळत चौथे पद शिरते आणि निष्कर्ष ढासळतो.

भाषा. 'टेक्निकल टर्म्स' पारिभाषिक संज्ञा, 'सर्च टर्म्स' शोधशब्द. साध्या गप्पांच्या मजकुरात 'शब्द' पुरे, 'संज्ञा' तिथे जड होते.

## पायरी ५: आता मराठी शब्द लिहा

इथवर आल्यावर निवड सोपी असते. तरी लिहिताना दोन गोष्टी पाळा. पहिली, कायदा, गणित आणि अर्थशास्त्रात एकदा ठरवलेला शब्द बदलू नका. 'पुनरुक्ती नको' हा निबंधातला नियम इथे घातक आहे, कारण शब्द बदलला की गोष्ट बदलली असे वाचक समजतो. दुसरी, कथा, पत्र, मुलाखत यांत याच्या उलट वागा. तिथे यादी बाजूला ठेवून त्या माणसाच्या तोंडी शोभेल ते लिहा.

## पायरी ६: उलट तपासणी

१. मसुद्यात 'अट', 'अटी', 'अटींमध्ये', 'अटींवर' शोधा. प्रत्येक जागी विचारा: ही कोणी घातली, कोणी पाळायची, मोडली तर काय? तिन्हींची उत्तरे नसतील तर ती अट नाही. पायरी ३ वर परत जा.

२. इंग्रजी झाकून फक्त मराठी वाचा. 'याचा अर्थ काय असेल?' असा प्रश्न जिथे पडेल तिथे खूण करा.

३. करारात 'मुदत' आणि 'अटी' यांच्या जागा मूळातल्या एकवचन-अनेकवचनाशी एकेक करून जुळवा. हे काम पूर्ण मसुदा संपल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी करा. त्याच बैठकीत केले तर डोळे आपलेच लिहिलेले वाचतात.

४. सुरुवातीला मोजलेल्या जागा आणि यादीतल्या नोंदी जुळतात का ते पाहा. यादीत नसलेली जागा म्हणजे बहुधा पायरी १ मध्ये निसटलेले क्रियापद.